वारा फिरला नाही, म्हणून मागे फिरणं चुकलं का?

पत्र थोडक्यात: वणवे विझवणाऱ्या हंगामी तुकडीत सात वर्षं काढलेल्या एका वाचकाकडे यंदा पहिल्यांदाच तुकडीची जबाबदारी आली आहे. अठरा जण, त्यातले नऊ पहिल्याच हंगामाचे. ज्यांच्या हाताखाली ते स्वतः शिकले ते जुने सहकारी (पत्रात त्यांना 'दादा' म्हटलं आहे) आता त्यांच्या हाताखाली आहेत. नऊ दिवसांपूर्वी दुपारी अडीचच्या सुमारास तुकडी एका उतारावर गवत-पाचोळा खरडून आग अडवण्यासाठी पट्टा मोकळा करत होती. आग खालच्या अंगाला होती. पाणी प्यायला उभे राहिले तेव्हा त्यांना धुराचा खांब कललेला दिसला आणि त्यांनी सगळ्यांना मागे घेतलं. 'अर्ध्या तासात पट्टा जुळेल, थांब,' असं दादा म्हणत होते. वारा काही फिरला नाही. अर्धवट राहिलेल्या पट्ट्याच्या तोंडातून आग पलीकडे गेली, आणखी एक टेकडी जळाली, काम दोन दिवसांनी वाढलं. तेव्हापासून तुकडीत कुजबुज आहे, दादा कामापुरतंच बोलतात, आणि 'जागा का सोडली' म्हणून वरिष्ठांनी लेखी विचारलं आहे. वाचक विचारतात: तुकडीची माफी मागू, कडक होऊ, की पद सोडून पुन्हा नुसतं फावडं हातात घेऊ?

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दोन्ही वेळा एकाच ओळीपाशी थांबलो, आणि ती ओळ तुम्ही कंसात घातली आहे: 'रात्री आमच्या तुकडीतला सगळ्यात लहान मुलगा येऊन म्हणाला, धूर मलाही वेगळा वाटला होता, पण मी कशाला बोलू.' बाकी पत्रभर दादा आहेत, कुजबूज आहे, वरिष्ठांचा कागद आहे. मला विचाराल तर पत्रातली सगळ्यात मोठी बातमी ही कंसातली आहे. तिच्याकडे येतोच.

आधी माफीचं. मागे फिरल्याबद्दल माफी मागू नका.

वारा फिरला नाही हे तुम्हाला संध्याकाळी कळलं. अडीच वाजता तुमच्यासमोर काय होतं, तेवढंच बघू. आग खाली, तुम्ही वर. मधल्या उतारावर कमरेएवढं वाळकं गवत, न जळलेलं. वारा थांबून थांबून येणारा. इतका वेळ सरळ उभा असलेला धूर एकाएकी कलंडलेला. दिवसातली सगळ्यात तापलेली, सगळ्यात कोरडी वेळ. आणि परतीची वाट चढाची. आग चढावर धावते, कारण तिची धग वरच्या गवताला आधीच भाजून तयार ठेवते. ढोबळ हिशेब असा की उतार दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो. माणसाचं नेमकं उलट: चढ लागला की त्याचा वेग निम्म्यावर येतो, आणि पाठीवर पाण्याचा पंप असेल तर त्याहूनही खाली. ही शर्यत कुणी जिंकत नाही. त्या घडीला तुमच्याकडे जी माहिती होती, ती हातात घेऊन मीही मागेच फिरलो असतो.

'अर्ध्या तासात जुळलं असतं' हेही बहुधा खरंच आहे. दादांचा अंदाज चुकीचा नसेल. पण ज्या दुर्घटना आपण वाचतो, त्यांतही अशीच थोडी वेळ उरलेली होती. 2021 च्या एप्रिलमध्ये नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलात वणवा विझवताना तीन रोजंदारी मजुरांचा जीव गेला. आग आटोक्यात येते आहे असं वाटत असतानाच वाऱ्याने ती पुन्हा भडकली. एक जास्तीची टेकडी जळाली याचं तुम्हाला वाईट वाटतं, वाटायलाच हवं. पुढच्या पावसात त्या टेकडीवर गवत येईल. अठरा जण रात्री जेवायला बसले होते, हा हिशेब तुम्ही पत्रात कुठेच मांडलेला नाही.

आता जे सांगणार आहे ते टोचेल. निर्णय बरोबर होता, पण तो ज्या रीतीने घेतला गेला त्यात तुमच्या बाजूने दोन गोष्टी कमी पडल्या, आणि तुकडीची नाराजी मला वाटतं त्यातून आली आहे.

पहिली. तुम्ही अभिमानाने लिहिलं आहे, 'मी स्वतः सगळ्यांच्या पुढे फावडं घेऊन राबत होतो, कुणाला म्हणायला जागा ठेवली नाही.' यामागची समजूत मी ओळखतो: प्रमुख झालो तरी मी तुमच्यातलाच, तुमच्याहून कणभर जास्तच कष्ट करीन, मग माझा शब्द खाली पडणार नाही. चांगल्या माणसाची समजूत आहे ही. पण फावडं मारणाऱ्याची मान खाली असते. धूर कलंडलेला तुम्हाला दिसला तो पाणी प्यायला उभे राहिलात म्हणून. तहान दहा मिनिटांनी उशिरा लागली असती तर? अठरा जणांत फावडं मारणारे हात सतरा असले तरी पट्टा होतो. मान वर ठेवणारं एकही माणूस नसलं, तर मात्र त्या सतरा जणांना वाली नाही. प्रमुखाने हातात काही न धरता उभं राहणं सुरुवातीला फार अवघड जातं, आपण कामचुकार दिसतो असं वाटत राहतं. ते सोसा. वाटल्यास तुकडीला सरळ सांगा की आजपासून मी फावडं कमी धरणार आहे आणि का ते.

दुसरी. तुम्ही ओरडलात, 'चला, मागे.' बस. का, ते त्या वेळी सांगायला सवड नव्हती, मान्य. पण त्याला नऊ दिवस झाले. अजून तुम्ही तुकडीला एकत्र बसवून ती दुपार उलगडलेली नाही. कारण न सांगितलेल्या हुकुमाचं कारण लोक आपापल्या परीने शोधतात, आणि 'घाबरला' हे सगळ्यात सोपं कारण असतं.

माझ्या बाबतीत जे झालं ते सांगतो, कारण त्या कंसातल्या ओळीने मला तेच आठवलं.

प्रमुख म्हणून माझा चौथा हंगाम होता. एका ओघळीच्या वरच्या काठाने आम्ही पट्टा काढत होतो. समोरची आग मंद होती, घोट्याएवढ्या ज्वाळा, हिरव्या फांद्यांनी झोडपल्या तरी विझतील अशा. सगळ्यात मागे पहिल्या हंगामाचा एक मुलगा होता. आमच्या डोक्यावरून ठिणग्या उडून मागच्या ओघळीत पडत होत्या, आणि तिथे पाचोळा गुडघाभर साचला होता. पहिला धूर सुतासारखा बारीक निघाला, तो त्याने पाहिला. मग दुसऱ्या जागी निघाला, तोही पाहिला. तो गप्प राहिला. मला कळलं ते आवाजाने, वाळक्या पानांचा ढीग एकदम पेट घेतो तेव्हा कापड फाडल्यासारखा होतो तो आवाज. आम्ही आधी जळून काळ्या पडलेल्या जमिनीवर शिरलो म्हणून वाचलो. एकाचे दोन्ही कान आणि मान भाजली. तो पुढच्या हंगामाला आला नाही, आणि मी त्याला बोलावण्याचा धीरही केला नाही.

रात्री त्या मुलाला विचारलं, बोलला का नाहीस? तो म्हणाला, 'सकाळी तुम्हीच म्हणाला होतात, लहान तोंडी मोठा घास नको.' म्हणालो होतो. पंप कुणी उचलायचा यावरून काहीतरी चाललं होतं, त्यात सहज तोंडून गेलं होतं. माझ्या दृष्टीने ती पंपाची गोष्ट होती. त्याच्यासाठी तो दिवसभराचा नियम झाला.

म्हणून तुमच्या प्रश्नातलं 'कडक होऊ का' मला धोक्याचं वाटतं. कडकपणाने हुकूम लवकर पाळले जातील, यात शंका नाही. पण तुकडीचे चौतीस डोळे तुमच्यासाठी बघायचे थांबतील. नवख्याला वाटतं, मला दिसलं ते सगळ्यांना दिसलंच असणार, मी बोललो तर हसतील. तो एकदा बोलला आणि त्याचं चुकलं, तर त्या दिवशी तुम्ही काय चेहरा करता यावर पुढचा सगळा हंगाम अवलंबून आहे. त्याला 'बरं केलंस सांगितलंस' एवढंच म्हणा, आणि ते बाकीच्यांना ऐकू जाईल असं म्हणा.

तुमच्याच कामातली एक जुनी घटना इथे सांगायला हवी. 5 ऑगस्ट 1949 ला अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात मॅन गल्च नावाच्या घळीत सोळा जण वणव्याच्या तावडीत सापडले. त्यातले पंधरा विमानातून पॅराशूटने उतरलेले होते. खालून आग चढत आली, तेव्हा तुकडीप्रमुख वॅग डॉजने अवजारं टाकायला सांगितली आणि मग काडी ओढून स्वतःच समोरचं गवत पेटवलं. ते जळून गेलं की मोठ्या आगीला तिथे खायला काही उरणार नाही, आणि त्या राखेत आडवं पडता येईल, हा त्याचा विचार. त्याने हाका मारल्या, इकडे या. कुणीही आलं नाही. आपला प्रमुख आग लावतो आहे एवढंच त्यांना दिसलं. डॉज राखेत पडून वाचला, आणखी दोघे माथ्यावरच्या कपारीतून निसटले. तेरा जण गेले. डॉजचा निर्णय तर लखलखीत बरोबर होता. पण ती माणसं त्याच्याबरोबर तुकडी म्हणून आधी फारशी राबलेली नव्हती, आणि असं काही करता येतं हे त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं. बरोबर निर्णय आणि त्यावर विश्वास, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी उतारावर उभी करता येत नाही, ती आधी लागते.

तुम्हाला माझं मुख्य सांगणं हेच आहे. मागे फिरायचा निर्णय सकाळी घेऊन ठेवा, सगळ्यांच्या देखत. दुपारी फक्त तो पाळा.

म्हणजे असं. वणव्याच्या कामात चार गोष्टींचा एक आराखडा 1991 मध्ये पॉल ग्लीसन या अमेरिकन तुकडीप्रमुखाने मांडला: टेहळणी, संपर्क, परतीची वाट, सुरक्षित जागा. तुम्ही प्रशिक्षणात हे शिकलाच असाल, आणि बहुतेक तुकड्यांत ते सकाळी स्तोत्रासारखं म्हणून टाकलं जातं. त्यात जीव आणा. परतीची वाट नुसती बोटाने दाखवू नका, चालून बघा, घड्याळ लावून, आणि तुकडीतल्या सगळ्यात हळू माणसाला पुढे ठेवून. त्याला अकरा मिनिटं लागली तर तुमची वाट अकरा मिनिटांची. पट्टा पुढे सरकला की ती वाट लांबते, हे दर तासाला कुणीतरी मोठ्याने सांगायला हवं. सुरक्षित जागा म्हणजे शक्यतो जळून पूर्ण काळी झालेली जमीन, जिथे पेटायला काही शिल्लक नाही. अर्धवट जळालेली, मधे मधे हिरवट-वाळकं गवत उभं असलेली नव्हे.

मग मागे फिरायच्या खुणा ठरवा. 'अमुक खडकापर्यंत आग आली की', 'धूर आपल्याकडे कलला की', 'टेहळणीचा आवाज वॉकीटॉकीवर दहा मिनिटं आला नाही की', 'पट्ट्याच्या मागे एकही धूर दिसला की'. तीन-चार पुरेत, जास्त झाल्या तर लक्षात राहत नाहीत. ठरवताना नव्यांना आधी बोलू द्या, जुन्यांना नंतर आणि तुम्ही सगळ्यात शेवटी. क्रम उलटा केलात की नवे फक्त माना डोलावतात. खूण दिसली की कुणीही, पहिल्या हंगामाचा मुलगासुद्धा, 'मागे' म्हणू शकतो, आणि त्या वेळी वाद नाही. वाद संध्याकाळी. त्या दुपारी 'धूर कलला की मागे' हे सकाळी अठरा जणांच्या तोंडून आलं असतं, तर तुमच्या शौर्याचा प्रश्नच कुणाच्या मनात आला नसता. दादांच्याही नाही.

हवामानाचा अंदाज कड्यावरच्या शेवटच्या माणसापर्यंत पोहोचतो का, हेही बघा. 1994 च्या जुलैमध्ये कोलोराडोतल्या साउथ कॅनियन वणव्यात चौदा जण गेले. जोराच्या वाऱ्याचा इशारा कार्यालयांत पोहोचला होता, उतारावर राबणाऱ्यांपर्यंत नाही. आणि पळताना काहींनी अवजारं हातातून टाकलीच नव्हती. हे वाचताना विचित्र वाटतं, पण सराव नसेल तर माणूस टाकत नाही. महिन्यातून एकदा अवजारं टाकून चढावर पळायचा सराव घ्या.

थकव्याबद्दल फार लिहीत नाही, तुम्ही सात वर्षं हे सोसलं आहे. एवढंच की धुरातला कार्बन मोनॉक्साइड आणि अपुरी झोप आधी डोकं मंद करतात, हातपाय नंतर. दोन तास कामामागे एक तास विश्रांती, झोप धरून, हे अमेरिकेत वापरतात ते प्रमाण समोर ठेवा, आणि पहिली झोप स्वतःची कापू नका.

आता दादा. मला वाटतं तुम्ही त्यांची नाराजी त्या दुपारशी जोडता आहात, आणि ती त्याआधीची आहे. त्यांना डावलून तुम्हाला नेमलं गेलं. तो निर्णय तुमचा नव्हता, पण त्याबद्दल तुम्ही त्यांच्याशी एक अक्षर बोललेला नाहीत, किमान पत्रात तरी तसं दिसत नाही. हंगाम सुरू झाल्यापासून दोघेही काही झालंच नाही असं वागता आहात. एका संध्याकाळी, बाकी कुणी नसताना, त्यांच्याजवळ जाऊन बसा. सुरुवात त्या दुपारने करू नका. 'दादा, मला काम तुम्ही शिकवलंत. ही जागा तुमची होती असं तुम्हाला वाटत असेल, तर मला ते ऐकायचंय.' मग गप्प बसा. ते रागावतील कदाचित, किंवा 'तसं काही नाही' म्हणून उठून जातील. जाऊ द्या, शब्द पोहोचलेला असतो.

दुसऱ्या दिवशी त्यांना टेहळणी द्या. बऱ्याच तुकड्यांत टेहळणीला दमलेल्या किंवा नव्या माणसाला बसवतात, हलकं काम म्हणून. खरं तर आग वाचता येणारं सगळ्यात मुरलेलं माणूस तिथे हवं. पण हे देताना शब्द जपा, नाहीतर त्यांना अडगळीत टाकल्यासारखं वाटेल. 'माझं लक्ष चुकलं तर मला मागे फिरवणारा माणूस मला वर हवाय, आणि तो तुमच्याशिवाय दुसरा कुणी नाही,' असं सांगा आणि तसा अधिकार खरोखर द्या. ते 'मागे' म्हणाले तर एका शब्दाने विचारू नका. आपण थांबवायचं म्हटलं तर सगळे थांबतात, ही जबाबदारी एकदा खांद्यावर आली की 'अजून अर्धा तास' हे शब्द माणसाच्या तोंडून सहज निघत नाहीत. मी दोन जुन्या माणसांच्या बाबतीत हे पाहिलं आहे. तिसऱ्याच्या बाबतीत नाही जमलं. तो वॉकीटॉकीवर सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने टोमणे मारत राहिला. त्याला एकदा बाजूला घेऊन बजावलं आणि दुसऱ्या वेळी दुसऱ्या कामावर पाठवलं. दादांवर तशी वेळ आली तर तेवढं तुम्हाला करावं लागेल, गुरू असले तरी.

वरिष्ठांच्या कागदाला उत्तर देताना सफाई देऊ नका, वेळा द्या. किती वाजता कुठे होतात, आग किती अंतरावर, वारा कुठून, आर्द्रता मोजली असेल तर किती, परतीला किती मिनिटं लागली, कोण कुठे उभं होतं. 'मला धोका वाटला' या वाक्याला कुणीही प्रश्न विचारू शकतो. 'परतीची वाट चढाची, बारा मिनिटांची, आणि मधे न जळलेलं गवत' याला विचारणं कठीण जातं. मूळ टिपण जवळ ठेवा. हंगामी तुकडीत दरवर्षी निम्मी माणसं बदलतात आणि शहाणपण त्यांच्याबरोबर निघून जातं. पुढच्या वर्षीच्या नऊ नव्यांना वाचायला तुमची वही असू दे.

पद सोडायचं म्हणता, त्यावर माझं मत: या हंगामात नको. हंगामाच्या मध्यावर प्रमुख बदलला की नऊ नव्यांना पुन्हा शून्यापासून नवा आवाज ओळखावा लागतो. हंगाम संपल्यावर जरूर विचार करा. प्रमुख न होता उत्तम काम करणारे लोक या क्षेत्रात खूप आहेत आणि त्यांना कमी लेखण्याचं कारण नाही. फक्त कुजबुजीला कंटाळून सोडू नका.

आणि ती बैठक आजच घ्या, नऊ दिवसांनी का होईना. चार प्रश्न पुरतात: काय ठरलं होतं, काय झालं, तसं का झालं, पुढच्या वेळी काय करायचं. पहिलं उत्तर तुमचं, आणि त्यात तुमची चूक आधी सांगा: 'माझी मान खाली होती, आणि मी तुम्हाला कारण सांगितलं नाही.' माफी मागायचीच असेल तर ती एवढ्यापुरती मागा, आणि ती मनापासून मागा. दादांना त्यांचा अर्धा तास मांडू द्या. शक्य असेल तर सगळे मिळून त्या उतारावर जा, पट्टा जिथे तुटला तिथे उभे राहा, आणि तिथून परतीची वाट पुन्हा एकदा घड्याळ लावून चाला. राख असेल अजून. हातमोजा काढून तळहाताच्या मागच्या बाजूने बुंध्यांची भोकं तपासायला नव्यांना शिकवा, नऊ दिवसांनीही एखाद्या मुळात ऊब सापडते.

उद्या सकाळी बोलायची पहिली पाळी त्या लहान मुलाची ठेवा. 'आज तुला काय वेगळं दिसतंय?' एवढंच विचारा. तो बहुधा काही बोलणार नाही, पहिल्या दिवशी कुणीच बोलत नाही. दादांना किंवा दुसऱ्या कुणाला त्याच्या वतीने बोलू देऊ नका. सगळ्यांच्या बाटल्या भरून होईपर्यंत थांबा, आणि मग पुन्हा त्यालाच विचारा.